गेम बॉयचा एक सेकंद आपल्या स्क्रीनवर किती मोठा असतो

मागे ढग किंवा डोंगर सरकत राहतात असा एखादा जुना गेम बॉयचा (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं मशीन) गेम एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, लावा, आणि खेळू नका, नुसतं त्या ढगांकडे बघत बसा. सुरळीत सरकतायत, सरकतायत, आणि मधेच एक बारीक अडखळ. परत सुरळीत. साडेतीन-चार सेकंदांनी परत तीच अडखळ. सगळ्या एम्युलेटरवर दिसेलच असं नाही, सेटिंगवर आहे ते, पण एकदा लक्षात आली की मग दिसतच राहते, आणि ती येते कुठून हे कळेपर्यंत मला चैन पडली नव्हती. शेवटी स्वतःच एक छोटा एम्युलेटर लिहायला घेतला, आणि तेव्हा कळलं की प्रोसेसरची नक्कल करणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे, खरा घाम निघतो तो वेळ सांभाळताना.

पहिला संशय सगळ्यांना मशीनवरच येतो, कॉम्प्युटर स्लो असेल, फोनची रॅम कमी असेल. पण जरा आकडे बघा. गेम बॉय १९८९ चा, त्याचा प्रोसेसर साधारण ४.२ मेगाहर्ट्झचा, आजचा साध्यातला साधा फोन त्याच्या शेकडो पट पळतो. गेम बॉयच्या एका फ्रेमचं, म्हणजे स्क्रीनवरच्या एका चित्राचं, काम तो थोडक्या वेळात उरकतो आणि फ्रेमचा उरलेला वेळ रिकामा बसून असतो. म्हणजे वेग हवा तेवढा आहे, त्याचं रडगाणं नाहीच. न जुळणारी आहेत ती घड्याळं. एक घड्याळ जुन्या मशीनचं, एक आपल्या स्क्रीनचं, एक साउंड चिपचं, एक ऑपरेटिंग सिस्टिमचं, आणि एक खरोखरचं, तारीख-वार दाखवणारं. ही पाचही एकाच वेळी खूश ठेवता येत नाहीत, कुणाला तरी थोडं फसवावं लागतंच, आणि कुठला एम्युलेटर कुणाला फसवतो ह्यावरच तो खेळताना कसा वाटतो ते ठरतं.

आधी खऱ्या मशीनच्या आत काय चालतं ते बघू. गेम बॉयमध्ये एक क्वार्ट्झ क्रिस्टल आहे, तो सेकंदाला बरोबर ४१,९४,३०४ ठोके देतो. आकडा विचित्र वाटतो पण तो म्हणजे २ चा २२ वा घात, त्यामुळे त्याला अर्धं, परत अर्धं, परत अर्धं करत गेलं की लागतील ते सगळे बारके ठोके त्यातून मिळतात. प्रोसेसर, स्क्रीन, आवाज, टायमर, सगळे ह्या एकाच ठोक्यावर चालतात. त्यामुळे त्या मशीनच्या आत मिलिसेकंद वगैरे काही नसतं, फक्त ठोक्यांची गिनती असते, अमुक काम इतक्या ठोक्यांत, तमुक काम तितक्या. स्क्रीनवरची एक आडवी ओळ काढायला ४५६ ठोके लागतात, अशा १५४ ओळी (दिसतात त्यातल्या १४४, उरलेल्या १० ओळींचा वेळ म्हणजे चित्र संपल्यावरची उसंत, गेम आपली बरीचशी कामं त्यात उरकून घेतो), म्हणजे एका फ्रेमला ७०,२२४ ठोके. आता ४१,९४,३०४ ला ७०,२२४ ने भागा. उत्तर येतं ५९.७२७५. सेकंदाला ५९.७३ फ्रेम. हा आकडा हवा म्हणून कुणी मशीन बनवलं नव्हतं, भागाकारातून जे पडलं ते पडलं.

आणि आपली स्क्रीन चालते ६० वर.

फरक पाव फ्रेमच्या जरासा वर, पण रोज थोडं थोडं मागे पडणाऱ्या घड्याळासारखा तो साठत जातो. दर ३.६७ सेकंदांनी स्क्रीन एक जास्तीची फ्रेम मागते आणि एम्युलेटरकडे नवीन काही तयार नसतं, मग तो जुनंच चित्र परत दाखवतो. ढगांची ती अडखळ म्हणजे हेच. ह्यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गेमच किंचित जोरात पळवायचा, ५९.७३ च्या जागी सरळ ६०. अडखळ संपते, चित्र लोण्यासारखं सरकतं, पण मग खेळणाऱ्याच्या एका तासात गेमच्या घड्याळाने सुमारे साडेसोळा सेकंद जास्त खाल्लेले असतात आणि संगीत एका अर्धस्वराच्या साधारण आठ टक्के वर चढलेलं असतं. बहुतेकांना हे कळणारही नाही आणि नुसतं मजेसाठी खेळायचं असेल तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण कोण किती वेळात गेम संपवतो अशी चुरस असेल तिथे तासाला सोळा सेकंद म्हणजे फार झाले.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९९४ मध्ये सुपर गेम बॉय आला, गेम बॉयची कार्ट्रिज (गेमची डबी) मोठ्या कन्सोलला लावून टीव्हीवर खेळण्यासाठी. त्याच्यात गेम बॉयचा खरा प्रोसेसर होता, पण क्रिस्टल स्वतःचा नव्हता, ठोका त्या कन्सोलकडून घेतलेला, २१.४७७ मेगाहर्ट्झला पाचाने भागून, म्हणजे ४.२९५. परिणाम असा की सगळे गेम साधारण २.४ टक्के जोरात पळायचे, सेकंदाला ६१.१७ फ्रेम, आणि संगीत अर्धस्वराच्या चाळीस टक्के वर. पुढे १९९८ मध्ये जपानमध्ये सुपर गेम बॉय २ काढला त्यात वेगळा क्रिस्टल बसवून हे दुरुस्त केलं. सांगायचा मुद्दा हा की ज्यांनी मशीन बनवलं त्यांच्याच अधिकृत उपकरणात वेळ चुकली होती, आणि कितीतरी लोकांच्या कानात त्या गेमचं संगीत त्याच चढ्या पट्टीत बसलंय. मग 'बरोबर वेग' कुठला म्हणायचा, ह्याला एम्युलेटर लिहिणाऱ्याकडे उत्तर एकच असतं, ज्या उपकरणाची नक्कल करतोय त्याचा.

आता वाट बघण्याविषयी, कारण एम्युलेटर बराचसा वेळ तेच करतो. एक फ्रेम उरकली, पुढची १६.७४ मिलिसेकंदांनी सुरू करायची, तोवर थांबायचं. नवशिका माणूस काय करतो, ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो की मला १६ मिलिसेकंद झोपव. मीही तेच केलं होतं. पहिली गोष्ट, १६ म्हटलं की सेकंदाला ६२.५ फ्रेम होतात आणि १७ म्हटलं की ५८.८, पूर्णांकात हा हिशोब बसतच नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट. झोपवणारा आपल्याला सांगितल्या वेळेला उठवेलच असं नाही. विंडोजच्या टायमरची टिक मूळची १५.६ मिलिसेकंदांची, म्हणजे जुन्या पद्धतीने १६ मागितले तर जाग येणार ती पुढच्या टिकला, ती गेलेली असेल तर त्याच्या पुढच्या, तोवर जवळजवळ ३१ मिलिसेकंद झालेले आणि एक अख्खी फ्रेम हातची गेलेली. ही टिक १ मिलिसेकंदावर आणून ठेवता येते, पण तरी उठायला उशीर होणार तो होणारच, कारण त्याच वेळी बाकीचे शंभर प्रोग्रॅमही प्रोसेसरच्या रांगेत उभे असतात.

म्हणून अनुभवी लोक दोन गोष्टी करतात. एक म्हणजे थोडं आधीच उठायचं, समजा दोन मिलिसेकंद शिल्लक असताना, आणि उरलेला वेळ घड्याळाकडे टक लावून काढायचा, परत परत विचारत राहायचं, झाली का वेळ, झाली का वेळ. ह्यात बॅटरी खर्च होते पण नेम अचूक बसतो. दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची आणि फुकटची आहे, ती म्हणजे पुढची वेळ 'आत्तापासून' मोजायची नाही, मागच्या ठरलेल्या वेळेपासून मोजायची. आत्तापासून मोजलं की प्रत्येक फ्रेमचा अर्धा-पाऊण मिलिसेकंदाचा उशीर पुढच्या फ्रेमला चिकटतो, आणि दहा मिनिटांत गेम वीसेक सेकंद मागे पडतो. ठरलेल्या वेळेपासून मोजलं की एक फ्रेम उशिरा आली तरी पुढची आपोआप लवकर येते आणि सरासरी जागेवर राहते. आणि हे मोजायचं घड्याळ तारीख दाखवणारं घ्यायचं नाही, कारण ते इंटरनेटवरून वेळ जुळवताना मागे-पुढे उडी मारतं, फक्त पुढेच चालणारं एक वेगळं घड्याळ सिस्टिम देते ते वापरायचं. ह्यालाही एक अपवाद ठेवावा लागतो. लॅपटॉप बंद करून तासाभराने उघडला तर कुठलं घड्याळ घेतलंय त्याप्रमाणे एम्युलेटरला वाटू शकतं की आपण दोन लाख पंधरा हजार फ्रेम मागे आहोत, आणि तो बिचारा सगळ्या भरून काढायला धावत सुटतो. तेव्हा ठराविक फ्रेमांपेक्षा जास्त मागे पडलं की हिशोब सरळ फाडून टाकायचा आणि नव्याने सुरू करायचं.

चित्राचं हे असं कसंतरी निभावतं, कान मात्र सोडत नाही. एक फ्रेम दोनदा दिसली तर दहातल्या नऊ जणांना कळत नाही, पण आवाजात एका सेकंदाचा शंभरावा भाग मोकळा गेला की 'टक' असा आवाज येतो आणि तो दहाच्या दहा जणांना ऐकू जातो. आपल्या कॉम्प्युटरची साउंड चिप साधारण सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारके तुकडे, गिळते. ते ती एका बफरमधून उचलते, आणि त्या बफरमध्ये एम्युलेटर भरत असतो. टाकी समजा, खालून धार एकसारखी चालू आहे आणि वरून आपण तांब्याने पाणी ओततोय. टाकी रिकामी झाली की टक, भरून वाहिली तर वरचे सॅम्पल फेकून द्यावे लागतात आणि परत टक. आता गेम बॉयच्या हिशोबाने एका फ्रेममध्ये ८०३.६५ सॅम्पल तयार व्हायला हवेत, पण स्क्रीनला बांधून घेऊन ६० ने चालवलं तर धार एका फ्रेमच्या वेळात फक्त ८०० घेऊन जाते. म्हणजे दर फ्रेमला साडेतीन-पावणेचार सॅम्पल जास्तीचे उरतात, सेकंदाला दोनशेच्या वर, आणि थोड्याच वेळात टाकी वाहायला लागते. त्यात भर म्हणजे साउंड चिपचा स्वतःचा क्रिस्टल आहे, त्यामुळे तिचे ४८,००० हे अगदी ४८,००० नसतात, आणि स्क्रीनचे ६० हे ६० नसतात, बऱ्याचदा ५९.९४ किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी असतं. कागदावर कितीही नेमका हिशोब केला तरी प्रत्यक्षात दोन्ही घड्याळं एकमेकांपासून सरकत जाणारच.

टाकी मोठी केली तर? टक कमी होते, पण मग बटण दाबल्यावर उडी मारल्याचा आवाज उशिरा येतो. १०० मिलिसेकंदांचा बफर ठेवला की तो उशीर हाताला जाणवायला लागतो, आणि तालावर बटणं दाबायचा गेम असेल तर खेळणंच अशक्य होतं.

ह्यावर निघालेली युक्ती मला फार आवडते. टाकी अर्धी भरलेली राहील असं बघायचं. जरा जास्त भरली तर आवाज किंचित दाबून कमी सॅम्पल बनवायचे, रिकामी व्हायला लागली तर किंचित ताणून थोडे जास्त बनवायचे, आणि हा दाब-ताण नेहमीच्या वापरात अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवायचा. रेट्रोआर्क ह्या एम्युलेटर चालवायच्या प्रोग्रॅममध्ये हे डायनॅमिक रेट कंट्रोल म्हणून आहे आणि तिथे नेहमीची मर्यादा अर्ध्या टक्क्याचीच आहे. एवढ्या फरकाने सूर हलतो तो इतका सावकाश की कानाला लागत नाही, आणि टक पूर्ण जाते. पाचातल्या एका घड्याळाला रबर लावून टाकलं, बाकीची दोन त्याच्या जोरावर नांदतात.

पण अर्ध्या टक्क्यात सगळी यंत्रं बसत नाहीत. वंडरस्वान हे १९९९ चं जपानी हँडहेल्ड सेकंदाला ७५.४७ फ्रेम दाखवायचं. ६० च्या स्क्रीनवर त्याचं काय करणार? सेकंदाला पंधरा फ्रेम गाळाव्याच लागतात, म्हणजे साधारण दर पाचातली एक, आणि काहीही सरकलं की ते ठेचकाळताना दिसतं. ६० वर आणायचा म्हणाल तर गेम वीस टक्के मंद होतो, ते तर कुणालाच चालणार नाही. इथे खरं औषध एकच, हवा तेव्हा रिफ्रेश होणारा डिस्प्ले, ज्यात फ्रेम तयार झाली की स्क्रीन ती तेव्हाच दाखवते. असा डिस्प्ले असेल तर ५९.७३ असो की ७५.४७, वरचं सगळं पुराण गळून पडतं. ज्याला जुने हँडहेल्ड मनापासून जपायचेत त्याने नवीन मॉनिटर घेताना ही एक गोष्ट जरूर बघावी असं मी सगळ्यांना सांगतो.

इथपर्यंत आपण फक्त मशीनच्या बाहेरची वेळ बघितली. आतली वेळ हा वेगळाच प्रांत आहे.

एम्युलेटर लिहायची सरधोपट पद्धत अशी, प्रोसेसरची एक इन्स्ट्रक्शन (एक बारकी आज्ञा) चालवा, तिला किती ठोके लागले ते बघा, तेवढे ठोके स्क्रीनला आणि टायमरला पुढे ढकला, मग पुढची इन्स्ट्रक्शन. बहुतेक गेम ह्यावर चालतात. पण खऱ्या मशीनमध्ये हे सगळे एकाच वेळी चालतात, पाळीपाळीने चालत नाहीत. गेम बॉयची एक ओळ घ्या, ४५६ ठोक्यांची. पहिल्या ८० ठोक्यांत चिप शोधते की ह्या ओळीवर कुठल्या हलत्या आकृत्या येतायत. मग प्रत्यक्ष पिक्सेल काढायला सुरुवात होते, ह्याला कमीत कमी १७२ ठोके, जास्तीत जास्त २८९. उरलेले ठोके विश्रांती. ह्यातली मधली लांबी दर ओळीला बदलते, पार्श्वभूमी आडवी किती पिक्सेल सरकवली आहे त्यावर ० ते ७ ठोके वाढतात, ओळीवर येणाऱ्या प्रत्येक आकृतीमागे ६ ते ११ ठोके वाढतात. आता एखादा हुशार प्रोग्रॅमर असा असतो की तो ओळ काढत असतानाच, मधेच, रंगांचं रजिस्टर (चिपमधली आकडा ठेवायची छोटी जागा) बदलतो, म्हणजे ओळीचा डावा भाग एका रंगसंगतीत आणि उजवा दुसऱ्या. प्रीहिस्टॉरिक मॅन हा गेम बॉयचा गेम ह्यासाठी एम्युलेटर लिहिणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. ज्या एम्युलेटरने अख्खी ओळ एका दमात काढली, त्याच्या दृष्टीने 'मधेच' असं काही नसतंच, आणि त्या गेमच्या सुरुवातीच्या अक्षरांचा तिथे विचका होतो. चार-आठ ठोके इकडेतिकडे झाले, म्हणजे सेकंदाचे एक-दोन दशलक्षांश, आणि चुकीचं चित्र डोळ्यांसमोर. वेळेची चूक वेळेसारखी दिसत नाही हे मला इथे पहिल्यांदा नीट समजलं. ती बिघडलेला रंग होऊन येते, अडकलेला गेम होऊन येते, आणि माणूस ती ग्राफिक्सच्या कोडमध्ये शोधत बसतो.

टायमरचंही तसंच. वरून बघता गेम बॉयचा टायमर म्हणजे ठराविक ठोक्यांनी एकने वाढणारा आकडा. आतून बघता तो वेगळा टायमर नाहीच, आत १६ बिटांचा एक काउंटर सतत पळत असतो आणि त्याचा एक ठराविक बिट १ वरून ० वर पडला की टायमर एकने वाढतो. हा फरक कधी कळतो, तर गेमने तो मोठा काउंटर शून्य केला तेव्हा. त्या क्षणी तो बिट १ असेल तर तोही ० वर पडतो आणि टायमर नको तिथे एकने पुढे जातो. कुणी मुद्दाम ठेवलेली सोय नाही ही, तारा जशा जोडल्या तसं ते वागतं. पण खरं मशीन तसं वागतं म्हटल्यावर नक्कलही तशीच वागायला हवी. सेमबॉयसारखे एम्युलेटर अशा एकेका बारकाव्यासाठी खऱ्या हार्डवेअरवर छोटे छोटे टेस्ट प्रोग्रॅम चालवून बघतात, त्या कामाबद्दल मला खरंच आदर आहे.

पुढच्या हँडहेल्डमध्ये हे अजून अवघड होत जातं. २००१ चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, १६.७८ मेगाहर्ट्झ, म्हणजे परत २ चाच घात, २४ वा, एका फ्रेमला २,८०,८९६ ठोके, आणि भागाकार केला की परत तेच ५९.७२७५. पण इथे कार्ट्रिजमधून इन्स्ट्रक्शन आणायला थांबावं लागतं, किती ते गेम स्वतः ठरवतो, आणि मधे एक छोटा बफर पुढच्या इन्स्ट्रक्शन आधीच आणून ठेवतो, त्यामुळे तीच इन्स्ट्रक्शन कधी लवकर होते कधी उशिरा. मग डीएसमध्ये दोन प्रोसेसर, एक ६७ मेगाहर्ट्झचा, दुसरा त्याच्या निम्म्या वेगाचा, आणि दोघं सतत एकमेकांना निरोप देतात. एकाला जास्त वेळ पळवलं तर दुसऱ्याचा निरोप त्याला उशिरा मिळतो, फार बारीक तुकड्यांत आलटून-पालटून चालवलं तर सगळा वेळ अदलाबदलीतच जातो आणि फोन तापतो. इथे मात्र वेग खरंच कमी पडायला लागतो, आणि अचूकता सोडायची किती हा प्रश्न येतो.

आता पाचवं घड्याळ, तारीख-वाराचं, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक.

पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर, १९९९. गेममध्ये रात्र-दिवस होतात, ठराविक वारांना ठराविक गोष्टी घडतात, आणि गेम बंद असतानाही वेळ पुढे जात राहते. हे कसं जमतं, तर कार्ट्रिजमध्येच एक बटण-सेल आणि ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल आहे, मनगटी घड्याळात असतो तोच (२ चा १५ वा घात, पंधरा वेळा अर्धं केलं की बरोबर एक सेकंद). सेकंद, मिनिटं, तास आणि दिवस अशी त्याची रजिस्टरं. लक्षात घ्या, त्याला वाजलेत किती हे माहीत नसतं, तारीख तर नाहीच, ते नुसतं मोजत जातं. तुम्ही सुरुवातीला वेळ सांगता ती गेम आपल्या सेव्हमध्ये ठेवतो आणि मोजलेल्या आकड्यात मिळवतो. दिवसांना ९ बिट, म्हणजे ५११ पर्यंत, त्याच्यापुढे शून्य होऊन एक खूण वर येते की आकडा उलटला. वाचायची पद्धतही काळजीपूर्वक केलीय. आधी ० आणि मग १ लिहायचा, की त्या क्षणाचा फोटो काढल्यासारखी सगळी रजिस्टरं गोठतात, नाहीतर ९ वाजून ५९ मिनिटं वाचता वाचता १० वाजायचे आणि गेमला ९ वाजलेले दिसून मिनिटं शून्य दिसायची.

एम्युलेटर काय करतो, तर सेव्ह फाइलच्या शेपटाला ही रजिस्टरं आणि बंद केल्याची वेळ लिहून ठेवतो. ही शेपटी ४४ किंवा ४८ बाइटची असते, फरक फक्त वेळ ३२ बिटांत लिहिली की ६४ बिटांत एवढाच. उघडताना आत्ताची वेळ वजा ती वेळ, जे आलं ते रजिस्टरांत मिळवायचं. ऐकायला दोन ओळींचं काम. पण कॉम्प्युटरचं घड्याळ मधे कुणी मागे नेलं असेल तर? वजाबाकी उणे येते, आणि तपासलं नसेल तर कार्ट्रिजच्या घड्याळात वाट्टेल ते आकडे शिरतात. सेकंदाच्या रजिस्टरमध्ये ६ बिट आहेत, म्हणजे गेमने त्यात ६१ लिहिले तर खरी चिप काय करते? ती ६२, ६३ मोजते, मग ० वर येते, आणि मिनिट वाढवतच नाही, कारण मिनिट वाढायची अट ५९ नंतरची असते, ती केव्हाच मागे पडली. साठाने भागाकार करून मोकळा होणारा एम्युलेटर इथे चुकतो.

आणि मग असे प्रश्न येतात ज्यांना खऱ्या मशीनमध्ये उत्तरच नाही, कारण तिथे ते उद्भवतच नाहीत. फास्ट फॉरवर्ड केलं, गेम चौपट पळतोय, मग कार्ट्रिजचं घड्याळही चौपट पळायचं का? गेमच्या नजरेने बघितलं तर पळायला हवं, नाहीतर त्याला दिसणार की २४० फ्रेम झाल्या आणि सेकंद एकच झाला. आपल्या नजरेने बघितलं तर नको, कारण तासभर फास्ट फॉरवर्ड करून गेममधली तारीख खऱ्यापेक्षा तीन तास पुढे जाईल. सेव्ह स्टेट तर अजून अडचणीचं. तीन महिन्यांपूर्वीची स्टेट उघडली, आत गोठलेला क्षण आहे, त्यात घड्याळाचा आकडाही आलाच. तो तसाच ठेवायचा की तीन महिने त्यात मिळवायचे? माझं मत विचाराल तर नेहमीच्या खेळण्यासाठी घड्याळ खऱ्या वेळेला बांधलेलं असावं, खेळणाऱ्याला बाहेर रात्र असताना आत रात्र हवी असते, त्याच्यासाठीच तर तो सेल कार्ट्रिजमध्ये घातला होता. पण ज्यांना रेकॉर्ड केलेला खेळ परत जसाच्या तसा चालवायचाय, बटण न् बटण तेच आणि निकालही तोच, त्यांना खरी वेळ अजिबात चालत नाही, त्यांच्यासाठी घड्याळ ठोक्यांवरच चाललं पाहिजे, ४१,९४,३०४ ठोके म्हणजे एक सेकंद, बाहेर काहीही वाजो. दोन्ही सोयी हव्यात, आणि कुठली चालू आहे ते स्पष्ट दिसायला हवं, बास.

वेळ हाच ज्याचा प्राण आहे असं एक यंत्र म्हणजे १९९६ चा तामागोची, स्क्रीनवरचा प्राणी पाळायचं छोटं खेळणं. तो अख्खा चार बिटांच्या चिपवर चालतो आणि ठोका तोच, ३२,७६८ हर्ट्झ. तिथे वेग एक टक्का चुकला तर दिवसाला जवळजवळ पंधरा मिनिटं सरकतात, आणि त्या प्राण्याची झोपायची वेळ आठवडाभरात पावणेदोन तास इकडची तिकडे होते. गेम बॉयमध्ये जो फरक फक्त सूर किंचित चढवून सोडून देतो, तोच इथे भुकेच्या वेळा बिघडवतो.

शेवटचं, लिंक केबलचं, कारण ह्यावर अजूनही समाधान होईल असा तोडगा नाही. दोन गेम बॉय तारेने जोडले की त्यातला एक ठोका देतो आणि दुसरा त्याच्या मागे चालतो, सेकंदाला ८,१९२ बिट, म्हणजे एक बाइट एका मिलिसेकंदाच्या आत इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, एकाच वेळी. तार म्हटल्यावर उशीर नाहीच, हे गृहीत धरून गेम लिहिलेले. तेच इंटरनेटवरून करायचं तर निरोप जाऊन यायला चाळीस-पन्नास मिलिसेकंद सहज लागतात, गेमला तर एकाच्या आत उत्तर हवं. प्रत्येक बाइटला दोन्हीकडचे गेम थांबवून धरले तर खेळ गोगलगायीसारखा होतो. म्हणून काही जण दोन्ही गेम बॉय प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एकत्रच चालवतात, तार आतल्या आत जोडलेली, आणि इंटरनेटवरून पाठवतात ती फक्त दाबलेली बटणं. दोन्हीकडची ठोक्यांची गिनती एकसारखी राहिली तर दोन्हीकडे तोच खेळ दिसतो. पण त्यासाठी एक ठोकासुद्धा इकडचा तिकडे होऊन चालत नाही, कारण एका बाजूला टायमर एकने पुढे गेला की पुढच्या बाइटला उत्तर वेगळं येतं, आणि मग एकाच्या स्क्रीनवर पोकेमॉनची अदलाबदल झालेली असते तर दुसऱ्याच्या स्क्रीनवर गेम अजून उत्तराची वाट बघत उभा असतो.